कापूस विकल्यानंतरची उडी

कापूस विकला गेला आहे, हे रुचिकाला कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं घरात कोणाला वाटलं नाही. कळसाडीत हिलाल आप्पांच्या घरी मधल्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला असे. भाव बरा आला की व्यापाऱ्याचा टेम्पो येई आणि खोली पुन्हा खोली होई. पण आप्पांच्या सात वर्षांच्या नातीच्या लेखी तो डोह होता. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं, शिडीने माळ्यावर चढायचं, डोळे मिटायचे आणि स्वतःला सोडून द्यायचं. कापूस तिला झेलायचा. मग ती नाकातोंडात पांढरी होऊन वर यायची आणि आजी धनुबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "दाबू नको वं माय कापूस, व्यापारी भाव पाडस!"

त्या दिवशी टेम्पो दुपारीच येऊन गेला. रुचिका संध्याकाळी आली, दप्तर फेकलं, शिडी चढली, डोळे मिटले.

डावा हात मनगटाजवळ मोडला.

हात यथावकाश जुळला. डॉक्टरांनी प्लास्टर काढलं आणि "आता काय पाहिजे ते कर" असं सांगून टाकलं. पण रुचिकाला आता काहीच करायचं नव्हतं. खाटेवर बसण्याआधी ती तळहाताने खाट दाबून बघे. ओट्यावरून उतरताना आधी चप्पल खाली टाकी; चप्पल जमिनीवर थांबली असं दिसलं की मग पाय. शाळेत लांब उडीच्या तासाला तिने विचारलं, "सर, वाळूखाली काय आहे?"

"माती."

"आणि मातीखाली?"

सर विचारात पडले आणि तास संपला.

हे सगळ्यात जास्त लागलं तिच्या बापाला. नवनीत तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक होता. उसाच्या गव्हाणीपासून बॉयलरपर्यंत त्याने इतके फलक लावले होते की नवा कामगार आधी वाचायला उभा राही आणि कामाला उशीर होई. 'हात घालू नका.' 'डोके सांभाळा.' 'पुढे खड्डा आहे.' पुढे खड्डा आहे, हे त्याने साऱ्या कारखान्याला बजावलं होतं, फक्त घरातल्या एका माणसाला सांगायचं राहून गेलं होतं. पोरीने पुन्हा एकदा डोळे मिटून उडी मारावी, एवढंच आता त्याला हवं होतं. बढती नको, बदली नको, उडी हवी. म्हणून त्याने मोबाइलवर बघून ट्रॅम्पोलिन मागवलं.

त्याची बायको रुपा शहाद्याला दवाखान्यात नर्स होती. तिला हे कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"मोडेल हाडं देखी देखी मन्हा डोया थकी गयात," ती म्हणाली, "आनि तुम्ही हाडं मोडानं सामान घरपोच मागाडी ऱ्हायनात?"

"त्याले जाळी ऱ्हास, रुपा. कडेले गादी ऱ्हास. मी सवता बसाडसू. सेफ्टीना मानूस शे मी."

"तिन्हा हात मोडना, तवय सेफ्टीना मानूस घरमाच व्हता."

खरं होतं ते. तेव्हा नवनीत मोबाइलवर बॉयलरचे फोटो बघत होता.

"ऐका," रुपाने पोळी तव्यावर टाकली. "पोरले एक ओरखडा जरी उना, ते ज्या टेम्पोमा हाई वस्तू ई, त्याच टेम्पोमा परत जाई. मंग माले समजाडाले येऊ नका."

टेम्पो आला तेव्हा गल्ली जमली. शेजारच्या अमृतने, म्हणजे गावातला सगळ्यात नवा ट्रॅक्टर ज्याचा त्या अमृतने, खोक्याला चारी बाजूंनी हात लावून पाहिला.

"काय शे रे भो हाई?"

"ट्रॅम्पोलिन."

"आसं का," अमृत समाधानाने म्हणाला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की नवनीतने मिरच्या वाळवायला गोल खाट आणली. संध्याकाळपर्यंत बऱ्याच बायका येऊन ऊन कोणत्या बाजूला चांगलं पडतं ते सांगून गेल्या.

नवनीतने ट्रॅम्पोलिन बसवलं ते बॉयलर बसवावा तसं. भिंतीपासून लांब, कडुलिंबाच्या फांदीपासून लांब, विजेच्या तारेपासून लांब. अंगणाच्या मातीला पाणसळ लावून तिचा उतार काढून टाकला. पायांना खुंट्या ठोकल्या, कारण उन्हाळ्यात वावटळ आली तर ती वस्तू उडून थेट गुजरातेत जाईल असा त्याचा हिशेब होता. स्प्रिंगांवर गाद्या, भोवती उंच जाळी, जाळीला चेन. मग फलक. 'एका वेळी एकच.' 'खाली कोणी जाऊ नये.' 'चपला बाहेर.' शेवटी त्याने कडुलिंबाला एक हिरवा फलक ठोकला: 'आपत्कालीन जमाव ठिकाण.' कळसाडीत आपत्ती आली की लोक जिथे आपत्ती असेल तिथेच जमतात, हे त्याला माहीत होतं. पण फलक उरला होता.

रुचिका हे सगळं ओट्यावरून बघत होती. एकदाच खाली आली, एक खुंटी हलवून पाहिली आणि म्हणाली, "हाई ढिली शे." ढिली होती.

आप्पांच्या घरात पूजेशिवाय नवी वस्तू कधी वापरली गेलेली नव्हती. ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, फ्रिज, रुपाची स्कूटी, सगळ्यांनी हळदकुंकू लावून घेतलं होतं आणि नारळ पाहिला होता. आप्पा नारळ घेऊन अंगणात आले आणि थबकले. नारळ वस्तूच्या पुढे फोडायचा असतो. ट्रॅक्टरला पुढची बाजू असते, फ्रिजलाही असते. या गोल वस्तूची पुढची बाजू कोणती, यावर बराच वेळ चर्चा झाली. अमृतचं म्हणणं, जिकडे चेन तिकडे तोंड. धनुबाईंचं म्हणणं, जिकडे देव्हारा तिकडे. आप्पा दहा वर्षं सरपंच होते. दोन्ही पक्षांना राग येणार नाही असा निर्णय घ्यायची त्यांना सवय होती.

"मधोमध फोडू," ते म्हणाले आणि चेन उघडून त्यांनी सगळी ताकद लावून नारळ मधोमध आपटला.

नारळ कडुलिंबाच्या शेंड्याएवढा वर गेला. गल्लीने माना वर केल्या. तिथे तो क्षणभर थांबल्यासारखा वाटला, मग त्याने खाली बघून जागा निवडली आणि तो नवनीतच्या डोक्यावर येऊन फुटला. नवनीतने कारखान्याचं पिवळं हेल्मेट घातलेलं होतं. त्याबद्दल सकाळपासून सगळे त्याला हसत होते. नारळाची दोन सारखी शकलं झाली.

"पानी गोड शे," आप्पा एक शकल चाखून म्हणाले. पूजा यथासांग पार पडली.

मग सगळे रुचिकाकडे वळले.

"चढ, बेटा," नवनीत म्हणाला.

रुचिकाने हात लांब करून काळं कापड दाबलं. ते दबलं. तिने हात काढून घेतला.

"पप्पा, याना खाले काय शे?"

"काहीच नही. एकदम मोकळं!"

चूक झाली, हे त्याला बोलता बोलताच कळलं.

"मंग मी नही चढस."

"अगं, स्प्रिंगा धरतस ना त्याले. देख, कितल्या स्प्रिंगा शेतस!"

"हाई कधी इकशात?"

"इकावच नही!"

"कापूस इका तवय बी माले कोनी सांगं नव्हतं," रुचिका म्हणाली. आवाजात राग नव्हता. अनुभव होता. अंगणातल्या मोठ्या माणसांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

त्यानंतरचे दिवस नवनीतला अभिमानाचे गेले आणि दुःखाचेही. रुचिका ट्रॅम्पोलिनवर चढली नाही. पण सोडलंही नाही तिने त्याला. रोज सकाळी शाळेआधी ती गोल फेरी मारून एकेका स्प्रिंगेला बोट लावायची. बापाच्या पिशवीतली शिट्टी तिने गळ्यात अडकवली. संध्याकाळी गल्लीतली पोरं उड्या मारायला यायची, तेव्हा ती जाळीच्या दारात उभी. चपला बाहेर. खिसे रिकामे. पाळीला एकच. एकदा एका पोराने दुसऱ्याला आत ओढलं, तर तिने शिट्टी मारून पूर्ण वस्तू बंद केली आणि सगळ्यांना कडुलिंबाखाली जमाव ठिकाणी नेऊन उभं केलं. कारखान्यात मोठमोठे कामगार धोक्याचा भोंगा झाल्यावर चहाला जातात. ही पोरं मात्र रांगेत उभी होती. असं माणूस नवनीतला कारखान्यात हवं होतं. घरात नको होतं.

"तू बी मार ना एक उडी," तो रोज विचारायचा.

"मी सेफ्टी शे," ती म्हणायची. "सेफ्टीना मानूस उडी मारत नही. तुम्ही कधी मारी का?"

नवनीतने आठवून पाहिलं. मारली नव्हती.

धनुबाई हे ओट्यावर तूर पाखडता पाखडता बघत होत्या. या बाईबद्दल थोडं सांगायला हवं. गल्लीत पहिला गॅस आला तो त्यांच्याकडे. बाकीच्या बायका आणि आप्पा रस्त्यावर उभे असताना त्यांनी एकटीने आत जाऊन काडी ओढली होती. पुढे गल्लीतल्या प्रत्येक नव्या गॅसला, कुकरला आणि मिक्सरला पहिला हात लावायला त्यांनाच बोलावणं येई. त्या काही शिकवत नसत. फक्त बटण दाबून, आपण जिवंत आहोत हे दाखवून परत येत.

एका रविवारी दुपारी, रुपा ड्युटीवर असताना, त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर खोचला.

"मी चढस."

"माय, तुन्हा गुडघा!" नवनीत ओरडला.

"ते काय घरमा ठी जासू का? संगे लई जास."

रुचिका शिट्टी घेऊन धावत आली. नियम आजीलाही होते. "चपला काढ, आजी. आनि तुन्हं वजन कितलं शे?"

"बाईमानूसले वजन इचारतस का वं?"

"नियम शे."

"मंग सांगी ठेवस. तुन्ही मायपेक्षा कमी."

स्टुलावरून धनुबाई आत गेल्या. दोन पावलं चालल्या, कापड खाली गेलं आणि त्या मधोमध बसल्या. उठायला गेल्या तर कापड आणखी खाली गेलं. सावरायला गेल्या तर वर आलं.

"आरे, माले उठता यी नही ऱ्हायनं!"

"एका वेळी एकच!" रुचिकाने बजावलं, पण आप्पा तोवर आत शिरले होते. बायको अडकली असताना फलक वाचत बसणारा तो माणूस नव्हता. "हात दे, नवनीतनी माय," ते म्हणाले, आणि हात देता देता घरंगळत तिच्यापर्यंत पोचले. ट्रॅम्पोलिनवर दोन माणसं असली की ती शेवटी एकाच जागी येतात. भरदुपारी, उघड्या अंगणात, माजी सरपंच आणि त्यांच्या पत्नी एकमेकांना टेकून बसले. धनुबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

यात धनुबाईंचा पाय आप्पांच्या मांडीला लागला.

आता मोठ्या माणसाला पाय लागला की लगेच वाकून हात लावायचा, ही या घराची रीत. धनुबाई वाकल्या. वाकल्याबरोबर कापड दबलं, आप्पा त्यांच्या अंगावर आले आणि पाय पुन्हा लागला. त्या पुन्हा वाकल्या.

"आते बस कर ना वं!" आप्पा म्हणाले.

"पाय लागना ना, मंग!"

"लागू दे!"

"आसा कसा लागू दिसू?" त्या म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा वाकल्या. आप्पांची टोपी गेली.

नवनीतने हेल्मेट घातलं आणि तो सुटकेला निघाला. आत पाऊल टाकलं तसा तो घसरत थेट दोघांमध्ये गेला आणि त्याचा एक पाय आईला लागला, दुसरा बापाला. नवनीत संस्कारी मुलगा होता. तो आईच्या पायाला हात लावायला वाकला, तर हेल्मेट आप्पांच्या पोटात बसलं. आप्पांची माफी मागायला वळला, तर आईचं कोपर त्याच्या ओठावर आलं. पोराला लागलं म्हणून आई त्याला कुरवाळायला गेली, त्यात तिचा पाय पुन्हा आप्पांना लागला. आदर वाढत चालला होता आणि कोणालाही उठता येत नव्हतं.

आरडाओरडा ऐकून अमृत आला. तो जाळीला नाक लावून आत बघत राहिला.

"काय व्हयनं, आप्पा?"

"काही नही," आप्पा हेल्मेटखालून म्हणाले. "बठेल शेतस."

"बठा, बठा," अमृत म्हणाला. थोडा वेळ त्याने बसलेलं पाहिलं. मग त्याला राहवेना. "आप्पा, ट्रॅक्टर लावू का?"

कळसाडीत अडकलेल्या वस्तूवर एकच इलाज आहे. चिखलात रुतलेली उसाची गाडी असो, विहिरीत पडलेली मोटार असो, नाही तर न सुटणारं झाडाचं खोड असो. शेवटी ट्रॅक्टर लागतो. उत्तराची वाट न बघता अमृतने ट्रॅक्टर अंगणात घेतला, जाळीच्या खांबाला रस्सा बांधला आणि गिअर टाकला. खांब वाकला. एका बाजूच्या खुंट्या जमिनीतून उपटल्या. वस्तू तिरपी होऊ लागली आणि आतला सगळा आदर एका कडेला घरंगळला.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

रुचिका ट्रॅक्टरच्या बाजूला उभी होती. समोर नाही, बाजूला. चालत्या यंत्रासमोर उभं राहायचं नसतं हे तिला पक्कं माहीत होतं. हात वर. "बंद करा इंजिन! वखर नही शे हाई!"

अमृत शहाद्याच्या चौकात पोलिसाच्या शिट्टीलाही थांबत नसे. थांबला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि कोणी सांगितलं नसताना चपलाही काढल्या.

वस्तू पुन्हा चारी पायांवर आली. रुचिकाने अमृतकडून खुंट्या ठोकून घेतल्या, खांब हलवून पाहिला आणि मग ती जाळीशी गेली. "आते कोनीबी कोनाले नमस्कार करू नका."

"पाय लागस ना, बेटा," आतून आजीचा आवाज आला.

"लागू द्या. आज माफ शे. आते एक एक मानूस रांगत बाहेर या. आप्पा पहिले."

"मी रांगाव नही," आप्पा म्हणाले. "अमृत देखी ऱ्हायना."

अडचण खरी होती. दहा वर्षं ज्या माणसाने गावापुढे झेंडा फडकवला, त्याने त्याच गावापुढे चार पायांवर कसं यायचं? रुचिकाने क्षणभर विचार केला.

"अमृतकाका, तिकडे तोंड करा."

अमृतने भिंतीकडे तोंड केलं. भला माणूस. त्याने हात लांब करून ट्रॅक्टरचा आरसाही फिरवला.

आप्पा रांगत बाहेर आले. त्यांच्यामागे नवनीत. कोपरं सोलली होती, ओठ सुजला होता, पण बाहेर आले. राहिल्या धनुबाई.

"मन्हा गुडघा टेकत नही वं माय," त्या म्हणाल्या. "माले रांगता येवाव नही."

"मी जास," म्हणून नवनीत उठला.

"नको!" रुचिका ओरडली. "जड मानूस गया का परत सगळा खाले जातीन. हालका मानूस पाहिजे."

हे बोलून तिने हलक्या माणसासाठी इकडेतिकडे पाहिलं. आप्पांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या अमृतच्या रुंद पाठीकडे पाहिलं. अंगणात आणखी कोणी नव्हतं. नवनीतला काहीतरी बोलायचं होतं, पण जाळीतून धनुबाईंनी डोळे मोठे करून त्याला थांबवलं.

रुचिकाने चपला काढून एकमेकींशेजारी ठेवल्या. तळहाताने कापड दाबलं. दबलं. पुन्हा दाबलं. मग दात आवळून ती वर चढली आणि चार पायांवर, कडेकडेने, आजीपर्यंत गेली. उभी राहिली. आजीचे दोन्ही हात धरले.

"घाबरू नको, आजी," ती म्हणाली. "मी शे ना. एक, दोन, तीन, ऊठ!"

धनुबाई अर्ध्या उठल्या. मग सगळ्या वजनासकट खाली बसल्या.

रुचिका वर गेली.

त्याला उडी म्हणता येणार नाही. उडी माणूस आपण मारतो. हिला पाठवलं होतं. दोन्ही वेण्या, फ्रॉक, शिट्टी, सगळं तिच्याबरोबर वर गेलं. नवनीतला आयुष्यात लावलेले सगळे फलक एकदम आठवले. त्यातला एकही वर बघणाऱ्या माणसासाठी नव्हता.

ती पाठीवर आली. काळं कापड खोल गेलं, तिला घेऊन थांबलं, आणि हळूच वर आलं. रुचिका तशीच पडून राहिली.

"बेटा? लागनं का वं?" नवनीत कसंबसं म्हणाला.

तिने पडल्या पडल्या हात खाली नेऊन कापड चाचपलं.

"पप्पा," ती म्हणाली, "खाले काहीच नही शे." तिला नवल वाटत होतं. "तरी धरं माले."

मग ती उठून बसली. "आजी, परत."

धनुबाई परत बसल्या, धप्प. रुचिका परत वर गेली. या वेळी ओरडत. तिसऱ्या वेळी तिने आजीची वाट बघितली नाही. दोन पाय जुळवले, डोळे घट्ट मिटले आणि आपल्या आपण उडी मारली. मग आणखी एक. मग मोजण्यात अर्थ उरला नाही.

नवनीत जाळी धरून वर बघत उभा होता. त्यामुळे शेजारून धनुबाई गुडघे टेकून, भराभर रांगत, चेन उघडून, स्टुलावरून खाली उतरल्या आणि त्यांनी पदर झटकला, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"माय! तुन्हा गुडघा?"

"काय व्हयनं त्याले?"

"आते ते टेकत नव्हता!"

"मोकळा व्हयना," धनुबाई म्हणाल्या. त्यांनी सूप उचललं आणि तूर पाखडायला घेतली.

आप्पा सोललेल्या कोपरावर फुंकर घालत होते. फुंकर अर्ध्यावर थांबली. "इतलंच करानं व्हतं ते माले सांगती! मी कशाले चढतू?"

"तुमले सांगं असतं," धनुबाई तुरीकडे बघत म्हणाल्या, "ते तुम्ही गावले सांगतात."

नवनीत आईकडे बघत राहिला. किती दिवस तो पोरीला समजावत होता. स्प्रिंगा दाखवल्या, माहितीपत्रक वाचून दाखवलं, चॉकलेटं देऊ केली. आई एकदाच अडकून बसली होती. कारखान्यात अशी माणसं असती, तर फलक लावावेच लागले नसते.

इतक्यात वरून बातमी आली. उंच गेली की रुचिकाला भिंतीपलीकडचा रस्ता दिसत होता. एका उडीत एक शब्द बसत होता.

"मम्मी!" धप्प. "यी!" धप्प. "ऱ्हायनी!"

अंगणात पळापळ झाली. नवनीतने रस्सा सोडून कडुलिंबामागे टाकला. आप्पांनी सदऱ्याची बाही खाली ओढली, टोपी झटकून घातली. ट्रॅक्टर लपवणं शक्य नव्हतं, म्हणून तो नेहमी तिथेच असतो असा चेहरा सगळ्यांनी केला. स्कूटी दारात थांबली तेव्हा तिघं जण खाटेवर ओळीने बसले होते. अमृत अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

रुपाने आधी पोरीला बोलावलं. मनगट दाबून पाहिलं, कोपरं पाहिली, गुडघे पाहिले, मान फिरवून पाहिली. रुचिका धापा टाकत होती आणि तिला परत जायची घाई होती. कुठे खरचटलेलंही नव्हतं. मग रुपा खाटेकडे वळली.

"आप्पा, बाहीले रगत कसानं?"

"घासाई गया हात."

"कोठे?"

"आठेच. इकडे तिकडे."

"आनि तुमना ओठ?"

"मायनं कोपर," नवनीत म्हणाला.

रुपाने सासूकडे पाहिलं. धनुबाई तूर पाखडत होत्या.

"पोरले ओरखडा नही," नवनीत घाईघाईने म्हणाला. "आपलं पोरनंच ठरेल व्हतं. मोठा मानसंनं काही ठरेल नव्हतं."

रुपा काही बोलणार होती. पण मागे धप्प आवाज झाला आणि ती वळली. रुचिका परत वर होती. डोळे मिटलेले, हात पसरलेले, तोंडभर हसू. रुपा बघत राहिली. मग ती स्कूटीकडे गेली, डिकी उघडली, आत डोकं घालून बराच वेळ काहीतरी शोधलं, नाक ओढलं आणि डिकी लावून परत आली. हातात काही नव्हतं.

तिने चपला काढल्या.

"मम्मी, थांब," वरून हुकूम आला. रुचिका उतरून दारात उभी राहिली. "केसना पिना काढ. जाळीमा अडकतीस."

रुपाने एकेक पिन काढून न बघता मागे धरली. नवनीतने दोन्ही हातांत घेतल्या. दिवसभर कोणी त्याच्या हातात काही विश्वासाने दिलं नव्हतं.

रुपा स्टुलावर चढली आणि अडखळली. तिने हळूच मागे पाहिलं. खाटेवर सासरे होते.

आप्पा उठले. ते चालत गेले आणि अमृतच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आप्पा, आते फिरू का?" अमृतने विचारलं.

"नको."

दोघं भिंतीकडे बघत राहिले. भिंतीला चुना लावायला झाला होता. मागे एक धप्प आवाज आला, थोडा घाबरलेला. मग दुसरा. तिसऱ्याबरोबर रुपा हसली, आणि मग ते हसणं थांबेचना; वर जाताना एक, खाली येताना दुसरं. लग्न होऊन आल्यापासून सुनेचं हसणं इतक्या मोठ्याने आप्पांनी घरात कधी ऐकलं नव्हतं.

"भलतं भारी चालस रे हाई यंत्र," ते भिंतीला म्हणाले.